ते सिनेमा बघून रडले तेव्हा

डॉक्टरबाईंनी फाईल मिटली आणि माझ्याकडे न बघता आधी माझ्या मिस्टरांना विचारलं, "काका, मी सगळं सरळ सांगितलं तर चालेल?"

त्यांनी मान हलवली. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, पण अनोळखी माणसासमोर ते बोलणं टाळायचे.

"मोटर न्यूरॉन डिसीज आहे. त्यातला बल्बर प्रकार."

मोटर न्यूरॉन म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी. त्या हळूहळू मरत जातात. बल्बर प्रकारात सुरुवात जिभेपासून आणि गळ्यापासून होते. आधी बोलणं जातं, गिळणं जातं. मग हातपाय. मग श्वास. बाईंनी हे सगळं याच क्रमाने, शांतपणे सांगितलं. "बरं करणारं औषध नाही. आजार हळू करणारी एक गोळी आहे, पण तिने थोडाच फरक पडतो. मी खोटी आशा देणार नाही."

त्यावर माझे मिस्टर हसले. खो खो हसले. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावून बघायला लागली. मी त्यांचा दंड घट्ट धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरबाई मात्र दचकल्या नाहीत. "काकू, सोडा त्यांना. हे हसू त्यांचं नाही. हेसुद्धा आजारातच येतं. स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. रडण्याहसण्याला मेंदूचा एक ब्रेक असतो, तो यांचा गेलाय. रडू लवकर येतं आणि आलं की थांबत नाही. कधी रडायच्या जागी हसू येतं. असं कधीपासून होतंय?"

मी मनात मागे मागे जात राहिले आणि जाऊन पोचले त्या सिनेमाच्या दिवसापाशी. तोवर तो दिवस मी माझ्या संसारातला सगळ्यात चांगला दिवस समजत होते.

आम्ही नायगावच्या चाळीतली माणसं. विलास, माझे मिस्टर, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. स्वभावाने दगड. सासूबाई गेल्या तेव्हा सगळी चाळ रडत होती आणि हे ॲम्ब्युलन्सवाल्याला गल्लीतून गाडी रिव्हर्स कशी घ्यायची ते सांगत होते. आमची मुलगी प्रज्ञा बँकेत लागली तेव्हा तिला म्हणाले, "बरं झालं," आणि पेपर वाचायला लागले. मी तीस वर्षं या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते असं म्हटलं तरी चालेल.

प्रज्ञाने एका रविवारी तिघांची तिकिटं काढली. लोअर परळच्या मॉलमधलं थिएटर. गोष्ट एका म्हाताऱ्या मास्तरांची होती. त्यांची शाळा बंद होणार असते आणि वर्गात एकच मुलगी उरलेली असते. शेवटच्या दिवशी ते तिची हजेरी घेतात. एवढंच. पण सगळं थिएटर नाक ओढत होतं. मीही रडत होते. सहज बाजूला बघितलं तर विलासच्या गालांवरून धारा लागलेल्या. त्यांनी अंधारात माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

सिनेमा संपला, दिवे लागले, साफसफाईवाले आले, तरी ते रडत होते. प्रज्ञा घाबरली. "पप्पा, पाणी पिता का?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "मास्तर बघ ना." आणि पुन्हा रडायला लागले.

प्रज्ञा मला हळूच म्हणाली, "आई, कसले गोड झालेत पप्पा." मलाही तसंच वाटलं. घरी येऊन मी खीर केली. मी ते रडणं एखाद्या सणासारखं साजरं केलं, हे आज लिहिताना हात थांबतो.

त्यानंतर ते टीव्हीवरचे सिनेमे बघून रडायला लागले. जुने, शंभर वेळा बघितलेले. मग गाणी ऐकून. मग तेलाच्या जाहिरातीत सून सासूला वाढते ते बघून. मी चाळीत कौतुकाने सांगायची, "रिटायर झाल्यापासून फार हळवे झालेत." बायका म्हणायच्या, "नशीबवान आहेस शोभा."

त्याच दिवसांत त्यांच्या बोलण्यात 'र' आणि 'स' घसरायला लागले. मी म्हटलं, कवळी नीट बसत नसेल. चहा पिताना ठसका लागायचा. मी म्हटलं, घाई करता म्हणून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. रडणं फारच वाढलं तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी उदासपणाच्या गोळ्या दिल्या. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. मी त्यांना रडण्याचंच सांगितलं होतं, ठसक्याचं सांगितलंच नव्हतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं वाटत होतं.

मग माई गेल्या.

माई म्हणजे दिनकरभाऊंची आई. दिनकर आणि विलास लहानपणापासूनचे दोस्त, समोरासमोरच्या खोल्यांमधले. सासूबाई कामाला जायच्या तेव्हा विलासला माईच जेवायला वाढायच्या. त्यांचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बुद्धवंदना म्हणायचा कार्यक्रम चाळीखालच्या हॉलमध्ये होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, वंदना सुरू झालेली, आणि माझ्या शेजारी विलास हसायला लागले. आधी मला वाटलं हुंदका आहे. मग आवाज वाढला. खांदे हलत होते, तोंड उघडं, डोळ्यांत मात्र भीती. ते स्वतःच्या तोंडावर हात दाबत होते आणि हाताखालून हसू येतच होतं. वंदना म्हणणारे थांबले.

दिनकरभाऊ उठून आले. "विलास, माझी आई गेलीय रे."

विलासने मान हलवली. आणि पुन्हा हसले.

"निघ इथून," दिनकरभाऊ म्हणाले. "वहिनी, घेऊन जा याला. परत तोंड दाखवू नकोस म्हणावं."

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी खूप बोलले. नको ते बोलले. "दारू प्यायला होतात का?" असंही विचारलं. हा माणूस आयुष्यात प्यायलेला नाही. ते फक्त म्हणाले, "मला थांबवता येत नव्हतं." शब्द इतके जड आले की मला ते दोनदा विचारावे लागले. घरात काहीतरी येऊन बसलंय, आणि ते कितीतरी दिवसांपासून बसलेलं आहे, असं त्या वेळी पहिल्यांदा वाटलं.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली. मीही बघितली. दूध उतू जायच्या आधी साय थरथरते ना, तशी ती जीभ जागच्या जागी थरथरत होती. तो डॉक्टर मघापर्यंत गप्पा मारत होता. जीभ बघितल्यावर गप्प झाला आणि मॅडमना बोलवायला गेला. हॉस्पिटलात डॉक्टर गप्प झाला की समजावं.

मग तपासण्यांचे दिवस. एमआरआय, म्हणजे मेंदूचा आणि मानेचा फोटो. तो साफ आला तेव्हा आम्ही जिन्यातच एकमेकांकडे बघून हसलो. आम्हाला माहीत नव्हतं की या आजारात एमआरआय साफच येऊ शकतो, दुसरं काही नाही ना एवढंच त्यात बघतात. नंतर ईएमजी. त्यात स्नायूंमध्ये सुई घालून आतली वीज मोजतात. हात, पाय, पाठ, आणि शेवटी जीभ. मी बाहेर बसले होते. आतून यंत्राचा आवाज यायचा, पत्र्यावर वाळू पडावी तसा. थोड्या वेळाने त्यात विलासचं हसणं मिसळलं. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "बघा, आत मजा चाललीय."

रिपोर्ट मिळाला त्या दिवसाचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

घरी आल्यावर मी समोरच्या खोलीचं दार वाजवलं. दिनकरभाऊंनी अर्धंच उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ब्रेक, पेशी, जीभ. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तो रडत होता?"

"हो भाऊ. रडतच होते."

त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी ते आले, विलासच्या बाजूला खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, याला चहा चालतो का?" चालत होता, पण हॉस्पिटलातून दिलेली पावडर घालून घट्ट करून, चमच्याने. पातळ चहा श्वासनळीत जातो. दिनकरभाऊंनी मला ती पावडर किती आणि कशी ढवळायची ते विचारलं आणि स्वतः भरवला.

माझ्या मनात मात्र एकच किडा वळवळत होता. थिएटरमध्ये त्यांनी माझा हात धरला, ते कोण होतं? माझा नवरा की हा आजार? पुढच्या वेळी मी धीर करून डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिनेमा चांगला होता ना? मग सुरुवात त्यांच्या मनातून झाली असेल. थांबणं मेंदूला जमलं नाही. कुठे एक संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं, ते मला तपासता येणार नाही काकू. त्यांनाच विचारा."

मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

रडणं-हसणं कमी करायला एक गोळी मिळाली. महिन्याभरात फरक पडला. एका दुपारी प्रज्ञाने लॅपटॉपवर एक सिनेमा लावला. समुद्रावर गेलेला भाऊ परत येत नाही, अशी गोष्ट. प्रज्ञा आणि मी डोळे पुसतोय आणि विलासचा चेहरा कोरडा. तेव्हा मला त्यांचं रडणं हवंसं वाटलं. ज्याला घाबरून इतके दिवस काढले तेच.

तोवर त्यांचं बोलणं गेलं होतं. ते मोबाईलवर टाइप करायचे. त्यांनी बराच वेळ लावून लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं: "आवडला. रडू येत नाही म्हणून नीट बघता आला."

मग माझ्याकडे बघत बसले. त्यांना माझ्या मनातलं कसं कळलं देव जाणे, मी कधी बोलले नव्हते. पुन्हा लिहिलं: "मास्तरांच्या वेळी आधी मी रडलो. हात मी धरला. नंतरचं माझं नव्हतं."

प्रज्ञा उठून गॅलरीत गेली. मी मोबाईल घेऊन ते पुन्हा पुन्हा वाचलं.

हे लिहितेय तेव्हा त्यांचा उजवा हात कमजोर व्हायला लागलाय. टाइप करणं किती दिवस जमेल ते माहीत नाही. पुढच्या आठवड्यात पोटात नळी बसवायची आहे. पेग म्हणतात तिला. तोंडाने गिळता येत नाही तेव्हा त्यातून थेट पोटात अन्न जातं. ती श्वास बरा आहे तोवरच बसवायला हवी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. 'तोवर' हा शब्द त्या आता वरचेवर वापरतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी एकदाही आमच्याशी खोटं बोलून वेळ मारून नेली नाही, आणि त्यामुळे आम्हाला आमचे दिवस ओळखता आले. याचे उपकार मी विसरणार नाही.

परवा नळी बसवण्याआधीच्या तपासणीसाठी ओपीडीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक तरुण सून आणि तिचे सासरे. धडधाकट गृहस्थ, हातात छत्री. ती सांगत होती की ते अडखळून पडतात म्हणून आणलंय. बोलता बोलता हसून म्हणाली, "काकू, हल्ली आमचे बाबा इतके हळवे झालेत! सिनेमा लावला की रडणं सुरू. आधी असे नव्हते हो."

सासऱ्यांनी लाजून खाली बघितलं.

विलासने माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असणार. प्रत्येक हळव्या माणसाला हा आजार नसतो, हे मला माहीत आहे. तिचं हसू घालवण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं. माझ्या खिरीच्या दिवशी कोणी येऊन सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

विलासने डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. बोल.

"पाणी पिताना ठसका लागतो का गं त्यांना?" मी विचारलं.

ती विचार करायला लागली. हसू तसंच होतं, फक्त जागेवर थांबलं होतं. "लागतो," ती म्हणाली. "का हो?"

"आत गेलीस की डॉक्टरांना तेही सांग. आणि रडण्याचंही सांग. दोन्ही एकदमच सांग."

"का पण?"

आमचा नंबर पुकारला. मी विलासना उठवलं, त्यांचा तोल सावरला आणि तिला म्हटलं, "विसरू नकोस." दारापाशी जाऊन वळून बघितलं तर ती सासऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.