आधी भोंगा, मग फोन

लग्न होऊन सोलापूरच्या भवानी पेठेत आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते, पण विड्या वळता येत नव्हत्या. गल्लीतल्या बायका सासूबाईंच्या ओसरीवर विड्या वळत बसायच्या आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायची.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राची बातमी आली. यंत्र बिघडलं होतं. आधी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी जवळपासच्या गरोदर बायकांना, लहान मुलांना निघून जायला सांगितलं.

सासूबाईंचे हात थांबले. “दोन दिस त्या बाया तितंच व्हत्या की.”

आमच्या मागेच सूत रंगवायचा कारखाना होता. सूत पांढरं करायला तिथे क्लोरीनची टाकी असे. सासूबाई चारपाच जणींना घेऊन मालकांकडे गेल्या, मलाही नेलं. मालक हसले, इथे कुठे अणुभट्टी आहे म्हणाले.

“भट्टी न्हाय. पन तुमचा वायू सुटला तर आमाला कोन सांगनार?”

मालकांनी टाकीवरच्या कामगाराकडे पाहिलं. तो तेलुगू वळणाच्या मराठीत प्रामाणिकपणे म्हणाला, की आधी मालकांच्या घरी फोन करायचा, असा हुकूम आहे. सासूबाई मालकांकडे वळल्या. मग मालकच म्हणाले, “आधी भोंगा, मग फोन.” तीनदा भोंगा वाजला की वारा येतो त्या बाजूला, शाळेच्या मैदानावर जायचं, असं ठरलं.

दिवाळीनंतर एका दुपारी भोंगा तीनदा वाजला. नाकात झणझणीत वास शिरला. ओला पदर तोंडाला लावून, मुलं काखेत घेऊन आम्ही मैदानावर पोचलो. सासूबाईंनी माणसं मोजली. कोपऱ्यावरची म्हातारी नव्हती. तिला ऐकू येत नसे. दोघी परत धावल्या आणि तिला उचलूनच आणलं. तोवर त्या कामगाराने टाकी बंद केली होती. तो दोन दिवस खोकत होता, मग कामावर आला. बाकी कुणाला काही झालं नाही.

बंब आला तेव्हा आत कोण अडकलंय, असं जवानांनी विचारलं. “कोन बी न्हाय,” सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ओसरीवर पुन्हा सगळ्या जमल्या. भोंगा ऐकू न येणारे, चालता न येणारे कोण आणि त्यांच्या दारी कुणी जायचं, हे मी वहीत लिहून घेतलं. माझ्या वाट्याला तीन घरं आली. तोवर त्यातल्या एकाही घरात मी पाऊल ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी जाऊन चहा पिऊन आले.