मी एक जूनची नाही

आमच्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत, की त्या दिवशी सुईणींना पाणी प्यायलाही फुरसत मिळाली नसेल. खरी गोष्ट अशी, की शाळा जूनमध्ये भरायची, आईबापांना तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजींना खोदून विचारायचा कंटाळा. पोराकडे बघून वयाचा अंदाज बांधायचा आणि एक जून ठोकून द्यायची. आप्पांचीही तीच. आप्पा म्हणजे माझे वडील, काटेवाडीतले गवंडी.

माझी मात्र नाही. आई बारामतीच्या दवाखान्यात होती आणि आप्पा आमच्याच घराचा ओटा करत होते. पोरगी झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी ओल्या सिमेंटात खिळ्यानं २३-२ आणि पुढं साल कोरलं. शाळेत नाव घालताना गुरुजींचा हात सवयीनं एक जूनकडे वळला, तसे आप्पा म्हणाले, "गुरुजी, पेन उचला. पोरगी तेवीस फेब्रुवारीची हाय."

"त्यानं काय फरक पडतो रं?"

"मला एक जून चिकटवली तवा सांगणारं कुणी न्हवतं. हिला बाप हाय."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली, की मी तिच्यावरच वाढले. तेवीस फेब्रुवारीला जगात फार थोर काही घडलं असेल-नसेल. मी जन्मले, मला तेवढं पुरे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला इंदापूरला एका दूध संघात कॉम्प्युटरवर नोकरी लागली, तीही तात्पुरती. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. धम्म घेऊन देव कधीच सोडून आलेल्या घरातली मी. रोज सकाळी एका यंत्रापुढं अनवाणी जाताना मला हसू यायचं.

संघानं सगळ्या नोकरदारांना कॉम्प्युटरवर छापलेली ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख मी आणि माझ्या शेजारची ऑपरेटर भरत होतो. प्रोग्रॅम पुण्याहून तयार होऊन आला होता. त्यात बारापर्यंतचा दिवस बिनबोभाट जायचा. तेरा, वीस, तेवीस टाकलं, की यंत्र किंचाळायचं आणि तारीख चुकीची आहे म्हणून अडून बसायचं. आमचे साहेबही पुण्याचेच. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "घेत नाही ना? मग एक जून टाका. इथं निम्मे तसेही एक जूनचेच आहेत." आणि हसले.

माझं डोकंच फिरलं. शेजारची निमूटपणे एक जून टाकत गेली. मी माझ्या नावापुढची जागा मोकळी सोडली.

साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हे कोरं का?"

"खोटी घालण्यापेक्षा कोरी बरी, साहेब."

"तुम्ही तात्पुरत्या आहात, एवढं लक्षात ठेवा."

ते माझ्या चांगलंच लक्षात होतं. घरात दरमहा ठरलेल्या दिवशी येणारा पगार तेवढा माझाच होता. पण बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्हाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती: तारीख कुठल्या क्रमानं वाचायची, हे यंत्राला आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर ते अमेरिकेच्या रिवाजानं महिना आधी आणि दिवस मागून धरतं. आमचा तेवीस त्याला तेविसावा महिना वाटत होता, म्हणून ते किंचाळत होतं. सांगण्यासाठी अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन असे पर्याय होते. आपला शोधून सापडला नाही; ब्रिटिश मात्र आपल्यासारखाच दिवस आधी धरायचा.

प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. ते जेवायला गेले आणि मी हात लावला. अगदी वरती एक ओळ घातली: सेट डेट ब्रिटिश. मग माझ्या नावापुढं तेवीस फेब्रुवारी टाकली. यंत्र गप्प बसलं.

साहेब परतले तोवर प्रिंटरमधून यादी निघाली होती, आणि तिच्यात आक्रीत घडलं होतं. एक जूनवाले सगळे सहा जानेवारीला जन्मले होते. साहेबांच्या पाच ऑगस्टची आठ मे झाली होती.

"माझी जन्मतारीख बदललीत तुम्ही!"

"मी नाही बदलली, साहेब. आपण पाच-आठ टाकलं, तेव्हाच यंत्रानं आठ मे समजून ठेवली होती. वरून बरोबर दिसत होती, इतकंच. आता ते खरं बोलतंय."

"मला काही ऐकायचं नाही. होतं तसं करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

भीती वाटली. पण गुरुजींपुढं उभे राहिलेले आप्पा मी जन्मभर ऐकत आले होते. आता मान खाली घालून ओट्यावर पाय कुठल्या तोंडानं ठेवणार?

"करते," मी म्हणाले. "मग कार्डावर पाच-आठच दिसेल. पण यंत्र तुम्हाला रिटायर मात्र मे महिन्यात करेल."

साहेबांनी यादी पुन्हा बघितली.

"सगळ्यांच्या तारखा पुन्हा भरा," ते शेवटी म्हणाले. "आणि ती ओळ राहू द्या."

कार्ड हातात आलं, त्या संध्याकाळी मी ते आप्पांना दिलं. त्यांनी ओट्यावर बसून कार्ड सिमेंटातल्या आकड्यांशेजारी धरलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून बघितलं.

"सारकीच हाय," म्हणाले. मग कार्ड मला परत देत, "आता यंत्र कुटलीबी तारीख घेतं व्हय?"

"व्हय, आप्पा."

"मग माजी?"

आप्पांची खरी तारीख सांगू शकणारं कुणीच मागं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी घमेल्यात उरलेलं सिमेंट आणलं. माझ्या तारखेशेजारी तळहाताएवढी जागा लिंपली आणि थापीनं गुळगुळीत केली. मी खिळा घेऊन विचारलं, "काय लिव्हू?"

"काय न्हाय. ठावं न्हाय ती न्हाय. पर गुरुजीची हितं न्हाय यायची."

ती जागा अजून कोरी आहे. दरवर्षी एक जूनला बँक आप्पांच्या फोनवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते. मी वाचून दाखवते आणि आप्पा म्हणतात, "गुरुजीकडं पाटवून दे."