कॉर्नेटातलं खोबरेल

आता माझ्या फजितीचं काय सांगू तुम्हाला! चहा संपेपर्यंत हवं तेवढं हसा, शेवटी मात्र हसू नका.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणात लग्नाच्या बँडमध्ये मी कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारीच म्हणा, वाजवायचो. त्याची तीन बटणं झटझट खालीवर व्हायला लागतात, म्हणून आमचे पेद्रू मास्तर त्यांत रॉकेल घालायला लावायचे. फुंकताना वास थेट नाकातोंडात!

शेजारची कुसुम रोज संध्याकाळी आवाराच्या दगडी गडग्यापलीकडून माझा रियाज ऐकायची. एकदा नाक मुरडून म्हणाली, "शी! ह्या रॉकेल छातयेत जाता रे. मरशीत एक दिवस."

"मगे काय घालू?"

"खोबऱ्याचा तेल घाल. ता पोटात गेला तरी बरा!"

मी हसण्यावारी नेलं. पुढे तिच्या वडिलांची बदली आंबोलीला झाली, आणि मी रियाज कोणासाठी करत होतो ते मला तेव्हा कळलं. त्या रिकाम्या गडग्याला किती गाणी ऐकवली असतील म्हणता? हसताय काय!

आणि एक दिवस मास्तरांनी आंबोलीच्या लग्नाची सुपारी घेतली. वरात कुसुमच्या दारावरून जाणार होती! मी ठरवलं, तिथे तिचं आवडतं गाणं वाजवायचं. तिला काय ते कळेल, मग तिच्या वडिलांकडे शब्द टाकायचा. कॉर्नेट साबणाने घासला, रॉकेलचा थेंब ठेवला नाही, आणि बटणांत घरचं खोबरेल ओतलं. मालवणच्या उन्हात बटणं अशी पळाली की विचारू नका!

आंबोलीत माघातली सकाळ. दात वाजायला लागले. मी कानटोपी चढवली, तोंडाभोवती मफलर गुंडाळला. वाजवण्यापुरता तो खाली ओढायचा. वरात निघाली. धुक्यात दारात कुसुम उभी, शाल लपेटून, टाचा उंचावून!

छाती भरून फुंकलं, बटण दाबलं. ते खाली गेलं ते वर येईचना! दुसरं हलेचना! घाट चढणाऱ्या मोटारीसारखा एकच सूर, भोंऽऽऽ! घोडा बुजला, नवरदेव त्याच्या मानेला लटकला.

"कसला तेल घातलंस?" मास्तर ओरडले.

"खोबऱ्याचा."

"रे शाण्या, थंडीत ता थिजता! पोराटोरांक ठावक आसा! जा, चुलीर शेकव!"

थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या आईचा मी मुलगा. मला ठाऊक नको?

चहाच्या टपरीत चुलीवर कॉर्नेट शेकत बसलो. वितळलेलं तेल मनगटावरून ओघळत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. कुसुम!

"बँडवाले मां तुमी? मालवणात माझ्या शेजारचो एक बरो वाजवणारो आसा. तो येयत म्हणान मी दारात उबी रवलंय. खंय आसा तो? आणि ह्यो भोंगो वाजवणारो कोण?"

मफलर मी पुन्हा नाकापर्यंत ओढला होता, माझे फक्त डोळे तिला दिसत होते. तो भोंगा मीच, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी एकदम कचेरीतलं मराठी काढलं.

"तो आला नाही, बाई. छातीच्या दुखण्याने आजारी आहे."

तिचे डोळे भरले. "सांगितलेलंय मी त्याका, रॉकेल सोड म्हणान. आयकल्यान माझा?"

आणि गेली. पुढच्या वर्षी तिला बेळगावला दिली.

अजूनही थंडीत सून खोबरेलाची बाटली उन्हात ठेवते, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. जन्मात एकदाच कोणाचं तरी ऐकलं हो, आणि नेमकं तिलाच ते कळू दिलं नाही.

डॉक्टर छातीला नळी लावतो आणि म्हणतो, "ठणठणीत!" त्याला काय ऐकू येणार, कपाळ!