भारी धानाचं पोतं

आमच्या घरी बियाण्याच्या पोत्याला कधी चिठ्ठी लागली नाही. मी होते ना! मूठभर धान हातात घेतला की लवकर निघणारा हलका कोणता आणि उशिरा पिकणारा भारी कोणता, हे मी डोळे मिटून सांगायचे. सून दरवर्षी म्हणायची, "आई, पोत्यावर लिहून ठेवतो ना जी." मी म्हणायचे, "ज्याच्या डोक्यात भुसा हाय, त्यानं लिहावं." सत्तरी उलटली तरी हा ताठा होता, आणि तो मला आवडायचा.

गेल्या वर्षी तळ्याखालच्या बांधीसाठी, आमच्या धानाच्या वावरासाठी, रोपांचे पऱ्हे टाकताना भारी धानाचं बियाणं थोडं कमी पडलं. "कोपऱ्यातल्या पोत्यातलं घे, तेही भारीच हाय," मी मुलाला सांगितलं. त्यानं घेतलं. पऱ्हे उपटून बांधीत रोवणी झाली, सगळं हिरवंगार. पण धानातली चूक मोठी लबाड, लोंब्या येईपर्यंत तोंड उघडत नाही. दिवाळीच्या आधी पाहते तर एकाच बांधीत जागोजागी धान पिवळा होऊन वाकलेला, बाकीचा हिरवा; कोपऱ्यातलं पोतं हलक्याचं होतं. कापावा तर हिरवा वाया जातो, थांबावं तर पिकलेला झडतो.

बांधावर शेजारच्या चार बायका उभ्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "इनंच पोते सरकवले असतीन. इले कोन सांगतलं होतं हात लावाले?"

सून म्हणाली, "हो आई, झाडताना माह्याच हातानं सरकले असतीन."

मुलगा विळ्याची धार पाहत राहिला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आठेक दिवसांनी तांदूळ निवडताना लख्ख आठवलं. पोती माळ्यावरून काढली ती मी आणि मुलानं. तेव्हा सून वरठीला माहेरी होती, भाचीच्या बारशाला. ती परतली तोवर पऱ्हे उगवून आले होते. हे तिला ठाऊक होतं, मुलालाही. दोघांनी चारचौघींत मला सांभाळून घेतलं. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. अशा माझ्या किती चुका ही दोघं पोटात घालत असतील? तिची माफी मागायला मात्र जीभ रेटली नाही.

यंदा पुन्हा पोती काढली. मी मूठ भरली. हात सांगत होता, हा भारी. पण हाताचाच भरवसा वाटेना. मूठ सोडली नि म्हणाले, "तूच पाह्य वं बाई. मले का समजते आता."

वाटलं, ती म्हणेल, असं कायले बोलता आई, तुमीच सांगा.

तिनं नुसती मान डोलावली आणि पोतं आपल्याकडे ओढून घेतलं.