हरलेल्यानं दांडा पुसायचा

स्पष्टच सांगतो, माझ्या पोटात दुखतंय. आणि तेही एका जुन्या लाकडी खोक्यापायी.

लातूरला कॉलेजात होतो तेव्हा बसस्टँडच्या मागं व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. मी औशाहून एसटीनं यायचो, माझा एक मित्रही त्याच बसनं. दुकानात मारामारीच्या गेमची एकच मशीन. दोघांना दोन दांडे अन् बटणं. मालकाचा नियम कडक होता: हरला त्यानं शर्टाच्या टोकानं दांडा पुसायचा, मगच पुढच्याला जागा द्यायची. "हरणाऱ्याच्या हाताला लई घाम सुटतो," म्हणायचा.

माझ्या मित्राच्या शर्टाचं टोक कायम काळं. मी मात्र तीन वर्षांत त्याच्यासमोर एकदाही दांडा पुसला नाही. अभ्यासात तो पुढं, दिसायला तो बरा, मास्तरांचा लाडकाही तोच. माझ्याकडं हे एवढंच होतं. त्याला हरवलं की मी मशीनच्या कडेला कर्कटकानं एक रेघ ओढायचो.

पुढं दुकान मोडलं. तिथं आता झेरॉक्स सेंटर आहे. तो गेम मी मोबाईलवर घेऊन पाहिला, पण काचेवर अंगठा घसरतो. खाली, पुढं, बुक्की असं दाबून आग फेकायला जावं तर आपला गडी नुसताच उडी मारतो. दांड्याशिवाय त्यात काही राम नाही.

मागच्या महिन्यात मित्राचा फोन आला. तो आता नांदेडला असतो, स्वतःचं घर आहे. म्हणाला, "तुझ्या रेघांची मशीन सापडली बघ. भंगारात पडली होती. दुरुस्त करून घरी आणून वर्ष झालं. ये की खेळायला."

वर्ष झालं, आणि मला आत्ता सांगतोय. रेघा माझ्या, मशीन त्याची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तरी रविवारी पहिल्या गाडीनं गेलो. जळणाऱ्याला कसला आलाय मान. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मशीन उभी, वर भरतकामाचं कापड घातलेलं. सगळीकडून नवा रंग, फक्त कडेची ती फळी जुनीच. "तेवढी घासू नको म्हणलो कारागिराला," तो म्हणाला, "तुझ्या हातच्या रेघा हायेत." हे तो अगदी मायेनं बोलला, म्हणून मला जास्तच राग आला. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्यानं.

खेळायला उभे राहिलो. वर्षभर रोज संध्याकाळी सराव केलेला माणूस तो. मी पहिला डाव हरलो, दुसरा हरलो. तिसऱ्यात माझी आग निघाली खरी, पण तोवर माझा गडी आडवा झाला होता.

तो हसला नाही. नुसता बाजूला सरकला आणि माझ्या शर्टाकडं बघत थांबला. इस्त्रीचा शर्ट होता, मुद्दाम घातलेला. मी टोक बाहेर ओढलं आणि दांडा पुसायला लागलो. वरचा गोळा पुसला, खालची सळई पुसली. सळई डावीकडं तशीच जराशी वाकलेली होती, कॉलेजात होती तशी. मी पुन्हा गोळ्यापासून सुरुवात केली.

"झालं की गड्या," तो म्हणाला, "किती पुसशील?"

"घाम लई हाय," म्हणलो, आणि हात काढला नाही.