दार मीच उघडलं होतं

हवालदाराने तांदळाचा डबा लादीवर उपडा केला आणि बुटाच्या टोकाने तांदूळ पसरले. बांगडी नव्हती. मग पिठाचा डबा. मग माझ्या आतल्या कपड्यांची पिशवी. एकेक कपडा दांडक्यावर धरून, झटकून.

आणि हे सगळं मीच करू दिलं होतं.

एव्हरशाईन कॉम्प्लेक्समध्ये ज्या मॅडमकडे मी धुणीभांडी करायचे, त्यांची सोन्याची बांगडी हरवली होती. नाव माझं घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेणार? हवालदार आचोळ्याला आमच्या चाळीत आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी, घर बघू का? तुमची हरकत नसेल तर."

म्हणजे त्याने विचारलं होतं. नाही म्हणता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तरी म्हटलं नसतं. कर नाही त्याला डर कशाला, हेच ऐकत वाढलेली मी. "बघा की," म्हणाले. मूर्ख मी, तेवढ्यावर थांबले नाही. शेजारणींना हाका मारल्या, "या गं, तुम्हीपण बघा." अख्ख्या चाळीसमोर मला स्वच्छ ठरायचं होतं. त्याच्यासाठी चहासुद्धा टाकला.

चाळीने काय बघितलं? माझ्या घरात पोलीस बघितला. माझे कपडे बघितले. तो गेल्यावर तांदूळ गोळा करायला एकसुद्धा शेजारीण आली नाही.

आठवड्याने मॅडमचा फोन. "अगं, सापडली बरं का. माहेरीच राहिली होती. उद्यापासून ये."

झालं. चाळीत येऊन सांगायला ना त्या आल्या, ना तो हवालदार. आणि मी गेले परत. त्यांची भांडी घासली. त्याची लाज मला झडतीपेक्षा जास्त वाटते. नळावर आजही मी पोचले की बायकांचं बोलणं थांबतं.

परवा दुपारी तोच हवालदार पुन्हा दारात. मॅडमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या घरात चोरी झालेली. त्या घरात मी कधी पाऊलही टाकलेलं नाही.

"मावशी, मागे दाखवलंत तसं जरा दाखवा."

मी उंबऱ्यात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"माझी हरकत आहे," म्हणाले. "कुणाच्या हुकमाने, कशासाठी, ते लिहून आणा."

"म्हणजे काहीतरी लपवलंय," तो हसला.

मागून नवरा कुजबुजला, "बघू दे गं. संशय वाढेल."

"कमी कधी झाला होता?"

हवालदार गेला. पुन्हा येईल. कागद घेऊन, लेडीज पोलीस घेऊन, कदाचित मला चौकीत न्यायला. मॅडमने कालच नवी बाई ठेवली. कोर्टकचेरी आम्हाला झेपणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. मला सोडवायला कुणी येणार नाही.

येऊ दे त्याला. कागद आणला तर ओळ न् ओळ वाचून घेईन. चहा मिळणार नाही. झडती घेतील ती त्यांच्या जोरावर घेतील. "बघा की" माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.