गोड गळ्याचा इशारा

त्याला सगळं शहर रेडिओ म्हणे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, पण तो दाखला ज्या कपाटात होता ते कपाटच वादळात गेलं, आणि नव्याने नाव शोधत बसायची गरज कुणाला वाटली नाही.

त्याच्याकडे एक तीनचाकी होती. तिच्या टपावर दोन कर्णे बांधलेले, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. एका हाताने गाडी चालवायची आणि दुसऱ्या हातात माइक धरून गल्लीबोळातून ओरडत फिरायचं, हा त्याचा धंदा. ओरडत म्हणणंही चूकच, कारण रेडिओ कधी ओरडला नाही. गाद्यांचा सेल असो, सर्कस असो, डोळ्यांची तपासणी असो की उद्या पाणी बंद असो, तो सगळं एकाच सुरात सांगायचा. वाक्याच्या शेवटी आवाज लांबवायचा आणि सैल दोरीसारखा हळूच खाली सोडायचा. पाणी बंद असल्याची बातमीसुद्धा बायका हसत ऐकायच्या. गळाच इतका गोड.

वादळाच्या दिवशी सकाळी सरकारी कचेरीतून शिपाई आला. त्याने हातात कागद दिला आणि बजावलं, "जसं लिहिलंय तसंच वाचा. पदरचं काही घालू नका." रेडिओने पदरचं काही घातलं नाही. खाडीलगतच्या खालच्या गल्लीपर्यंत सगळीकडे फिरून आला. संध्याकाळी वारा सुटला आणि मग त्या रात्रीने शहराला हातात धरून पिळून काढलं.

खालच्या गल्लीत शिंप्याचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत त्याचा मोठा भाऊ राहायचा, दम्याचा जुना रोगी. सगळेच त्याला दादा म्हणत. त्या रात्री खोलीची भिंत त्याच्यावर पडली, त्यात तो गेला.

पाणी ओसरलं आणि वाद चढला. मदतीचे ट्रक उशिरा का आले, ताडपत्र्या गेल्या कुठे, पूल आधीच का बंद केला नाही, एक ना दोन. पण केशकर्तनालयात, टँकरच्या रांगेत, वर्तमानपत्रात, सगळं फिरून फिरून एकाच जागी येऊन अडायचं. सरकारने इशारा दिला होता की नव्हता? सरकार म्हणे दिला. खालची गल्ली म्हणे, साफ खोटं, इथे कुणी फिरकलं नाही. आणि खालच्या गल्लीतर्फे सगळ्यात जोरात कोण बोलायचं, तर शिंपी. रेडिओचा लहानपणापासूनचा दोस्त. रेडिओच्या प्रत्येक सदऱ्याचं माप त्याला तोंडपाठ. हल्ली मात्र रस्त्यात समोर आला, की तो फुटपाथ बदलायचा.

मग जनसुनावणी ठरली. कचेरीतल्या मॅडमनी रेडिओला बोलावून खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडे वळवला.

"तुम्ही एवढंच सांगायचं, सगळ्या गल्ल्यांतून फिरलात म्हणून. खरंच आहे ना ते?"

"खरंच आहे, मॅडम."

"मग इतका घाम का फुटलाय?"

घरी आल्यावर बायकोनेही तेच विचारलं. ती छपरावरच्या नव्या पत्र्याखाली गळक्या जागी भांडी लावत होती.

"अगं, मी गेलो होतो त्याच्या गल्लीत," रेडिओ म्हणाला. "त्याच्या दुकानासमोरच गाडी वळवली. तो मशीनवर बसला होता."

"मग सांगा की तसं."

"सांगितलं तर तो खोटा पडतो. शिवाय, सांगूनसुद्धा दादा घरातच बसला, म्हणजे त्याचीच चूक, असं होतं."

"मग नका सांगू."

"मग मी खोटा पडतो." तो तिच्याकडे वळला. "तू तरी ऐकलं होतंस ना?"

बायकोने एक पातेलं उगीच दोनदा सरकवलं.

"तुमचा आवाज आला होता," ती म्हणाली.

"मग?"

"मला वाटलं, गाद्या."

रेडिओला आठवलं. त्या दिवशी तो घरावरून गेला तेव्हा ही वरच्या सज्जात धुणं वाळत घालत होती. त्याने कर्ण्यातून वादळ सांगितलं होतं आणि हिने वरून हात हलवला होता.

"अहो, रागावू नका," ती म्हणाली. "पण तुमच्या तोंडून साक्षात यम बोलला ना, तरी लोक विचारतील, एकावर एक फुकट आहे का?"

तो रागावला नाही. फक्त त्या संध्याकाळी बराच वेळ पायरीवर बसून राहिला. ज्या गळ्यावर आयुष्यभर पोट भरलं, तो गळा त्याला कुणी परक्याने आपल्यात विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा वाटत होता.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. भिंतींवर पुराच्या गाळाची रेघ अजून तशीच होती आणि लोक तिच्याखाली बसले होते. तासभर नुसता गोंधळ. "ट्रक कुठे होते?" "रस्ते बंद होते." "मग तुमच्या साहेबांची गाडी बरी आली!" शेवटी अध्यक्षांनी रेडिओला पुढे बोलावलं. तिसऱ्या रांगेत शिंपी खाली मान घालून अंगठ्याने नखं घासत होता.

"तुम्ही इशारा दिलात का? हो की नाही?"

"साहेब, नुसतं हो म्हटलं तरी खोटं होईल आणि नाही म्हटलं तरी," रेडिओ म्हणाला. "त्यापेक्षा म्हणून दाखवतो. जसं म्हटलं होतं तसंच."

त्याने माइक ओठांजवळ घेतला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते कीऽऽ... संभाव्य चक्रीवादळाच्या पार्श्वभूमीवरऽऽ... सखल भागातील रहिवाशांनी आवश्यक ती दक्षता घ्यावीऽऽ..."

आवाजाची दोरी हळूच खाली आली. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू रांगा ओलांडत पुढे आलं.

"अगंबाई, हे ते होतं होय?" एक बाई म्हणाली.

"मला वाटलं, सर्कस आली!"

हसू जसं आलं तसंच विरलं, कारण शिंपी उभा राहिला होता.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. त्याच्यासमोर माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "दादाने आतून विचारलं, काय म्हणतोय रे रेडिओ? मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच." तो खाली बसला.

नंतर वाद पुन्हा पेटला. एक मास्तर तावातावाने म्हणाले, "आवश्यक ती दक्षता म्हणजे काय करायचं हो? घर सोडा, असे दोन शब्द लिहायला तुमचे हात दुखत होते?" मॅडम म्हणाल्या, मजकूर वरून येतो. वर म्हणजे कुठे, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात सरकार दोषी होतं, दुसऱ्यात कर्णेवाला. दोन्हींत रेडिओचा फोटो होता, आणि फोटोत तो हसत असल्यासारखा दिसत होता.

आठवड्याभराने भर दुपारी शिंपी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, बसला नाही.

"गाडी काढ."

"कुठे?"

"मागच्या मैदानात. उद्या पुन्हा वादळ आलं तर काय, तेच गाणार आहेस?"

मैदानात रेडिओने माइक हातात घेतला. आता कागद नव्हता. "घरं सोडा," तो म्हणाला, "शाळेकडे चलाऽऽ."

"गादी," शिंपी म्हणाला. "पुन्हा."

"घरं सोडा! शाळेकडे चला हो!"

"अजून गादीच."

"घरं सोडाऽ!"

"ही उशी. अरे, तुला राग येत नाही का कशाचा? भीती वाटत नाही?"

"वाटते रे. पण घशापर्यंत आली की गोड होते. मी काय करू?"

शिंपी गाडीच्या टपाला टेकला.

"दादाला हाक मार," तो म्हणाला.

"काय?"

"आतल्या खोलीत आहे तो. पाणी उंबऱ्याशी आलंय. मार हाक."

रेडिओने त्याच्याकडे बघितलं. मग माइक तोंडाशी धरला. पहिला "दादा" नुसताच श्वासासारखा निघाला. दुसऱ्यात आवाज चिरला. तिसरा त्याच्या पोटातून असा आला, की त्यात कसला सूर नव्हता की गोडवा नव्हता. फाटक्या, भसाड्या आवाजात तो ओरडला, "दादा, बाहेर पड! बाहेर पड, दादा!" दोन्ही कर्ण्यांतून ती हाक दोन बाजूंना गेली.

मैदानापलीकडची दारं धडाधड उघडली. एक जण अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. एक बाई पोराला काखेत मारून रस्त्यावर आली. रेडिओची बायको तर अनवाणीच धावत आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही, वहिनी," शिंपी म्हणाला. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि रेडिओच्या हातातला माइक नीट त्याच्या ओठांसमोर धरला.

"हां. आले बघ सगळे. आता कुठे जायचं ते सांग त्यांना."